वर्ख

डेलेनची आई फोन पुढे करते:
पाच मजले, खांब, कारंजं,
साखरेचे हंस, माना एकमेकींत अडकवलेले.
मी चष्मा वर सरकवून बघते. म्हणते,
बाई, हा केक नाही, हॉटेल आहे.

टेबलावर तीन बश्या.
पहिलीत रम प्यायलेली फळं,
आठ महिने एका बरणीत नांदलेली.
मनुका, चेरी, संत्र्याची साल,
कोण कोण होतं ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही.
दुसरीत साधा, लोण्याचा, नवऱ्या मुलाचा.
त्यात लपवायला जागाच नसते,
लोणी शिळं तर शिळं.
तिसरीत लिंबाचा, कारण डेलेनला
मनुका आवडत नाहीत, लहानपणापासून.
ती एकेक वेचून बशीच्या काठाला लावते
आणि आई अशी बघते, जणू
लग्नच काठाला लावलंय.

खिडकीबाहेर सॉमरसेटची छपरं,
पायऱ्यापायऱ्यांची, चुन्याने पांढरी,
पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत उतरवणारी.
आम्हा बर्म्युडाच्या लोकांना
केक कसा रचायचा ते शिकवावं लागत नाही.
आम्ही त्याच्याखालीच झोपतो.

दीड तास आणि दोनदा चहा झाल्यावर ठरतं:
तीन मजले. हंस नाहीत.
खालचे दोन फळांचे, आईसाठी, पाहुण्यांसाठी,
रुमालात बांधून तुकडा नेणाऱ्या मावश्यांसाठी.
वरचा लिंबाचा. हे बाहेर बोलायचं नाही.
तिच्या केकला चांदीचा वर्ख,
त्याच्या केकला सोन्याचा.
वर्ख लावताना पंखा बंद, दार बंद,
श्वाससुद्धा नाकातल्या नाकात.
माझा उजवा हात हल्ली थरथरतो.
मी सांगत नाही. त्यांना दिसतं,
तेही काही म्हणत नाहीत.

मग क्विंटन, जो इतका वेळ नुसता खात होता,
विचारतो: आणि रोप?

रोप. सगळ्यात वर, मधोमध,
वीतभर उंचीचं सीडर.
केक संपतो, ते अंगणात जातं.

माझ्याकडे अकरा आहेत, मागच्या पायरीवर,
दुधाच्या रिकाम्या डब्यांत.
सगळी एकाच झाडाखाली आपसूक उगवलेली.
ते झाड माझ्या केकवर उभं होतं,
अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात.
लग्न टिकलं तीन वर्षं आणि काही आठवडे.
झाडाला कुणी कळवलं नाही.

आजवर हे मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.
रोपं देत गेले, पैसे घेत गेले.
आज का सांगितलं, ठाऊक नाही.
त्या काठाला लावलेल्या मनुकांमुळे असेल.

आई खाकरते.
रोपवाटिकेत मिळतात म्हणते, छान सरळ, चिठ्ठी लावलेली.
डेलेन उठून मागच्या दाराशी जाते.
किती वादळं बघितलीत त्याने?
मोजली नाहीत. दोनदा शेंडा गेला.
एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावर पडता पडता राहिलं.
वाकडं आहे?
आहे. समुद्राकडे पाठ करून उभं आहे.

ती उकिडवी बसते, डबे फिरवून फिरवून बघते,
क्विंटनला हाक मारते, तो तोंड पुसत येतो.
दोघांचं थोडं वाजतं, हळू आवाजात,
शेवटी सातव्यावर बोट.
त्याला डावीकडे एक फांदी जास्त आहे.
केक तिरका दिसेल, मी म्हणते.
दिसू दे.

शनिवारी पहाटे मातीसकट गोळा उचलला,
ओल्या फडक्यात घेतला, वरून चंदेरी कागद,
कडा आत दुमडून, घट्ट.
साखर आणि माती यांच्यामध्ये
बोटभरही अंतर नसतं,
पण तेवढं नीट ठेवावं लागतं.
मग पंखा बंद केला.
वर्ख उचलला, हात थरथरला,
आणि तो फाटला, बरोबर मधोमध.

बरं झालं.
रोप तिथेच बसवायचं होतं.